ओंटिकोप्पलचा पाऊस

शकू, आज सकाळी चामुंडीचा डोंगर दिसला नाही. पायथ्यापासून वरपर्यंत सगळं धुकं. हवेत गारवा आहे, पण स्वेटर शोधावा इतका नाही. खालच्या रस्त्यावर आकाशमल्लिगेची फुलं पडलीयत आणि झाडणारी बाई अजून आलेली नाही. एवढं सगळं मी गॅलरीत उभी राहून मोबाइलमध्ये बोलले, तुझ्या नावावर बोट ठेवून. पाठवणार तेवढ्यात लक्षात आलं. पुसून टाकलं. परवा तुझा तेरावा झाला, आमटीभात जेवून आले मी, तरी या बोटाला काही अक्कल येत नाही.

रागावलेय मी तुझ्यावर. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत. तुझ्या गल्लीत फुलं विकणाऱ्या बाईला माहीत होतं, ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांना माहीत होतं, माझ्या घरात माझ्या सुनेला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. पहिलीपासून एका बाकावर बसलेली मी, तुझ्या लग्नात तुझ्या केसांत मोगरा माळणारी मी, मला एकटीला तू बाहेर ठेवलंस. तू गेल्यापासून माझं रडणं सुद्धा धड होत नव्हतं, कारण मधेच हा प्रश्न उभा राहायचा. मला का नाही सांगितलंस? आता त्याचं उत्तर मिळालंय. मिळालं नसतं तर बरं होतं, पण ते नंतर.

नियम तूच केलास, हे आधी कबूल कर. आमचे हे गेले ते दिवस आश्विनातले होते. घर माणसांनी भरलेलं. जो येईल तो बसायचा आणि विचारायचा, शेवटी काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, त्रास फार झाला का. मी रेडिओसारखी तेच तेच सांगत होते. तू आलीस ती दारात चपला काढतानाच म्हणालीस की कुक्करहळ्ळी तळ्यावर पेलिकन उतरलेत, बघायला येतेस का. माझ्या नणंदेनं तुझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर तिथंच विरघळली असती. सुतकात पेलिकन! मी आले नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा मेसेज आला. आमच्याकडे मोड आलंय, तुमच्याकडे? ढगांना आपण दोघी मोडच म्हणायचो, मराठी शब्द येत असूनही. मी एवढंच म्हटलं की आहे. मग रोजच सुरू झालं. कॉफीचं डिकॉक्शन उतरेपर्यंत बाहेर जाऊन आकाश बघायचं, डोंगर दिसतो का बघायचं आणि सांगायचं. कुठं जाऊन आलो, कुठं जायचंय, तेही सांगायचं. एकदा मी मेसेजमध्ये रडले, तेव्हा तू फोन करून झापलंस. म्हणालीस, रडायला तुला सगळं म्हैसूर मोकळं आहे, माझ्याकडे फक्त हवा आणि हिंडणं. मला तेव्हा तुझा राग आला होता, दगड आहेस असं वाटलं होतं. पण महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की दिवसातली तेवढीच पाच मिनिटं मी विधवा नसते. तेवढ्यापुरती मी नलू असते आणि आज पाऊस पडणार की नाही एवढीच मला काळजी असते. तू मला त्या पाच मिनिटांनी वर ओढलंस. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. नियमात बसत नव्हतं.

आणि भांडण तरी किती! तू ओंटिकोप्पलला, मी कुवेंपुनगरला, मधे जेमतेम गाव. तरी तुझ्याकडे पाऊस आणि माझ्याकडे ऊन, असं अर्ध्या वेळा असायचं. तुझं म्हणणं, पाऊस हुणसूरकडून येतो, आधी तुझ्या गच्चीवर उतरतो आणि उरलासुरला माझ्याकडे पाठवतो. माझं म्हणणं, तो चामुंडीच्या मागून येतो. ज्येष्ठ-आषाढात तुझं खरं असेल, पण दसऱ्यानंतरचा गडगडणारा पाऊस माझ्याच बाजूनं येतो गे, आजही सांगते. तू मशीनच्या पट्ट्याचा पुरावा काढायचीस. तुझं ते पायाचं शिलाई मशीन, त्याचा चामडी पट्टा हवेत ओल आली की सैल पडायचा आणि चाक घसरायचं. पट्टा घसरतोय, चार वाजेपर्यंत येणार, छत्री घेऊन जा, असं तू सकाळीच सांगायचीस, आणि यायचा मेला. शाळेत पस्तीस-चाळीस पोरांच्या वर्गांना भूगोल शिकवला मी वर्षानुवर्षं, नकाशावर वारे काढून दाखवले, आणि तू पट्ट्यावर बोट दाबून मला हरवायचीस. या भांडणाचा निकाल लागला नाही. मला तो लावायचाही नव्हता.

हिंडणं मात्र नवरात्र संपल्यावरच. गोंब्यांची आरास आवरून, बाहुल्या जुन्या साड्यांत गुंडाळून पेटीत गेल्या की आपण मोकळ्या. तुझं चित्रान्न, माझी थालीपीठं आणि दहीभात. सरगूरला तुझ्या चुलतबहिणीच्या शेतावर गेलो तेव्हा नाचणीची कणसं दुमडून आली होती, आणि तू शेजारच्या शेतातला कापूस बोटांत चोळत उभी. त्या शेतकऱ्याला तू सांगत होतीस की धागा आखूड आहे, आणि तो बिचारा हो अम्मा, हो अम्मा करत होता. तलकाडला मी वाळू चपलांत जाते म्हणून चपला काढल्या. डोक्यावर ऊन, वाळू तव्यासारखी. मी साडी गुडघ्यापर्यंत धरून सावलीकडे किंचाळत पळाले, आणि तिथं आलेल्या कुठल्याशा शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षिका मी! तू वाळूतच बसलीस हसत. तुला उठवायला दोघी अनोळखी बायका लागल्या.

बेट्टदपुर तेवढं राहिलं. दरवर्षी जायचो आणि दरवर्षी अर्ध्या पायऱ्यांवरून परत. अर्ध्यावर आलं की तू आकाशाकडे बघायचीस आणि म्हणायचीस, इथं सिडिलु पडतो, वीज पडते देवळावर, माहीत आहे ना, चल खाली. आकाश निरभ्र असलं तरी तुला मोड दिसायचंच. दम लागलाय असं सरळ म्हणायची तुझी पद्धत नव्हती. मीही म्हणायची नाही. दोघी विजेला घाबरून खाली यायचो आणि पायथ्याशी बसून चित्रान्न खायचो.

यंदा श्रावणात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तू भेटायला आलीस, सीताफळं घेऊन. वाळलेली दिसत होतीस. मी म्हटलंसुद्धा, तर तू म्हणालीस की माझी जाडी तू घेतलीस, पाय पसरून बसून. मग म्हणालीस, तू आता दसऱ्यापर्यंत या खोलीत अडकलीस, तेव्हा यंदा दोघींच्या वाटचं मीच हिंडते आणि तुला सांगते. गुडघा नीट कर, कार्तिकात त्याचं उद्घाटन बेट्टदपुरला. या वेळी वरपर्यंत. मी त्या भरवशावर व्यायाम केले गं. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणायची, आंटी, तुमच्यासारखा पेशंट नाही. ती दोरीनं पाय ओढायची आणि मी दात आवळून पायऱ्या मोजायचे.

आणि तुझी बातमी रोज येत होती. सरगूरला जाऊन आलीस, नाचणी चांगली आहे, बहिणीनं ताक दिलं. तळ्यावर गेलीस, पेलिकन कमी आहेत, पण रंगीत करकोचे आलेत. घसा बसल्यासारखा वाटायचा. विचारलं तर दसऱ्याची धूळ. भेटायला ये म्हटलं तर रस्ते बंद, मिरवणुकीची गर्दी, लग्नाचे ब्लाउज साठलेत. मशीनच्या पट्ट्याचं काही बोलत नाहीस, असं मी एकदा म्हटलं, तर मशीन दुरुस्तीला दिलंय म्हणालीस. मला सगळं पटलं. न पटायला काय होतं?

मग ते पावसाचं. माझ्याकडे चार दिवस कोरडं ठणठणीत ऊन, कुरडया वाळवाव्यात असं, आणि तू सांगतेस की कालपासून जडी मळे लागलाय, थांबायचं नावच घेत नाही, झडच लागलीय. मी सुनेला विचारलं, तिला म्हटलं बघ, ओंटिकोप्पलला पाऊस आणि आपल्याकडे थेंब नाही. ती कणीक मळत होती. म्हणाली, असेल आई. वर बघितलं नाही तिनं. मी तुला उलट मेसेज केला की तुझ्याकडे काय ढगांचा कारखाना काढलाय का. तुझं हसणं आलं. म्हणालीस, सांगत होते ना, हुणसूरकडून येतो, आधी माझ्याकडे. आणि मी हरले म्हणून त्या दिवशी मनातल्या मनात चरफडले.

बंगळूरचा पाऊस सांगत होतीस तू मला. हॉस्पिटलच्या खिडकीतून दिसेल तेवढा. दुसरी कुठली माणसं असती तर चार दिवसांत शंका आली असती, हवामान बघून, फोन करून. आपण पडलो अशा दोघी. आपल्याकडे तुझा पाऊस वेगळा आणि माझा वेगळा असणं हेच रोजचं होतं. त्यात तू आरामात लपलीस.

तलकाडचं सांगितलंस तेही आठवतं. या खेपेला रश्मीला घेऊन गेले होते, म्हणालीस. तुझी लेक बंगळूरहून आली असेल सुट्टीला, असं मी धरून चालले. रश्मीनं चपला काढल्या, म्हणालीस, आणि वाळू अशी भाजली की पंजाबी ड्रेस वर धरून किंचाळत पळाली, आणि शाळेची पोरं टाळ्या वाजवत होती. हे सांगताना तू इतकी हसलीस की खोकला आला आणि मेसेज मधेच तुटला. मीही हसले. म्हटलं, वाळूच तशी आहे ती, सगळ्यांना नाचवते.

शेवटचा मेसेज अगदी लहान होता. आज बिसिलु छान आहे, नलू. ऊन छान आहे. गुडघा वाकतो का? मी सांगितलं, वाकतो, वाकतो, तू ब्लाउजांतून डोकं वर काढ, कार्तिक लागला. त्याच्यावर त्या दोन निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे तू ऐकलंस. निदान ऐकलंस एवढं तरी.

मग रश्मीचा फोन आला. तिचं मराठी तुला माहीत आहे, चार शब्द मराठी आणि बाकी कन्नड. त्या दिवशी चारही शब्द तिला सापडेनात. मी सुनेकडे फोन दिला आणि सुनेचा चेहरा बघून मला कळलं की तिला नवीन काही ऐकू येत नाहीये. मी तिच्यावर ओरडले. इतक्या वर्षांत सुनेवर आवाज चढवला नव्हता. ती रडत म्हणाली, आई, शकूमावशींनी शपथ घातली होती.

तेराव्याला मी काठी घेऊन आले. तुझ्या हॉलमध्ये विठोबाच्या फोटोशेजारी तुझा फोटो लावला होता, मशीन खिडकीपाशी होतं, पट्टा घट्ट होता आणि मशीनच्या फळीवर कुणाचं तरी बाळ दुपट्यात निजवलं होतं. दुरुस्तीला कुठं गेलं होतं मशीन? जेवणं झाल्यावर मी रश्मीला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि दार लावलं. मला सगळं सांग, म्हटलं. ती नको म्हणाली. आईला नको होतं, मावशी. मी ऐकलं नाही. वर्गात एखाद्या पोरीला उभं करावं तसं तिला उभं केलं आणि विचारत गेले. कधी कळलं, कुठं होतं, किती पसरलं होतं, काय काय केलं, खाता येत होतं का, त्रास फार झाला का. सगळे तेच प्रश्न, शकू, जे मला ह्यांच्या वेळी विचारले होते. मी विचारत राहिले आणि ती पोर सांगत राहिली.

तलकाडचंही विचारलं. म्हटलं, तेवढी तरी बरी होती ना मधे, तुला घेऊन तलकाडला आली होती ती? रश्मी म्हणाली, "मावशी, मी तलकाड बघितलंच नाही अजून."

तेव्हा मला कळलं की वाळूत पळणारी मी होते. सरगूरचं ताक त्या वर्षीचं होतं, करकोचेही त्याच कुठल्या तरी वर्षीचे. सलाईन लावून पडल्या पडल्या तू आपले जुने दिवस काढून एकेक मला ताजा म्हणून देत होतीस. खोलीत अडकलेली तू होतीस आणि हिंडायला मला नेत होतीस. गुडघ्याचं दुखणं घेऊन बसलेल्या मला. शकू, असं कुणी कुणासाठी करत नाही गं. मी तुझ्यासाठी केलं नसतं, मला सुचलंच नसतं.

तिथं मी थांबायला हवं होतं. पोटभर रडून घरी जायला हवं होतं. पण मला त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, मला का नाही सांगितलंस याचं. आणि त्याआधी, कुणास ठाऊक कसली खाज, मी रश्मीला म्हटलं, शेवटच्या दिवसांतला फोटो असेल तर दाखव. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, माझा हक्क आहे. तिनं मोबाइल काढला.

काळा-करडा रुमाल होता तुझ्या डोक्याला. केस नव्हते म्हणून. भुवयाही नव्हत्या. गाल आत गेलेले, डोळे तेवढे मोठे झालेले, नाकात नळी. हातात मोबाइल होता तुझ्या, तोंडाजवळ धरलेला. रश्मी म्हणाली, तेव्हा तू मलाच मेसेज करत होतीस.

मी मोबाइल परत दिला आणि विचारलं, मग मला का नाही? रश्मीनं नाक पुसलं. शब्द शोधत होती. मग तुझंच वाक्य तिनं जसंच्या तसं सांगितलं, अडखळत, पण मराठीत.

"आई म्हणायची, सगळ्यांकडे मी आजारी आहे. नलूकडे नाही. एका माणसाकडे तरी मला बरी राहू दे."

एवढंच होतं उत्तर. तू मला बाहेर ठेवलं नव्हतंस. सगळं म्हैसूर, सगळं बंगळूर तुझ्याकडे हळहळून बघत होतं, आवाज बारीक करून बोलत होतं, आणि एका ठिकाणी तू अजून पावसावरून भांडत होतीस. ते ठिकाण मी होते. माझ्यासाठी तू जे केलंस तेच मी तुझ्यासाठी करत होते, मला न कळता, तीन महिने. न कळता केलं म्हणूनच जमलं. कळलं असतं तर माझाही आवाज बारीक झाला असता.

तू गेलीस तरी ती राहिली होती, शकू, ती बरी असलेली. माझ्याजवळ होती. तेवढी सांभाळायचं काम तू माझ्यावर सोपवलं होतंस, आणि मी ते जबरदस्तीनं, दार लावून, एका पोरीला रडवून संपवलं. रश्मी नको म्हणत होती.

परवापासून बघतेय मी आठवून. तुझ्या लग्नातला मोगरा आठवते, तर केसच दिसत नाहीत, रुमाल दिसतो. पायथ्याशी बसून चित्रान्न खाताना आठवते, तर नळी दिसते. तुझे सगळे जुने मेसेज मोबाइलमध्ये आहेत, दोन-तीन ऐकले, तुझं हसणं ऐकलं, आणि हसणाऱ्या तोंडाला भुवया नव्हत्या. अजून थोडे दिवस जाऊ देत, असं सून म्हणते. तिला वाटतं हे दुःख आहे, ओसरेल.

आता माझ्याकडेही तू आजारीच आहेस.